पाणी कुठवर

त्या सोमवारी, रविवार कारंजा शाखेत, काउंटर दोनवर,
पाचशेच्या बंडलात अठ्ठ्याहत्तराव्या नोटेशी
माझी बोटं माझी राहिली नाहीत.
काचेपलीकडे मखमलाबादचा एक बागायतदार
"मॅडम, घाई आहे जरा" म्हणत होता
आणि मी टेबलाखाली आपलीच नाडी धरून,
कुणी पळवून नेईल अशी.

ईसीजी स्वच्छ आला.
डॉक्टरांनी गोळीची चिठ्ठी दिली. ती पर्समध्ये आहे.
फाडली नाही.
अजून वटवलीही नाही.

गायधनी मॅडम म्हणाल्या, श्वास मोजायचा,
चार आत, सहा बाहेर.
बावीस वर्षं मोजण्याचाच पगार घेते मी;
पाचावर चुकले
तर सवयीने पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी ठकूबाई आल्या, घाटावर दिवे विकतात त्या.
चिल्लरची पिशवी खिडकीत ठेवून
माझ्या हाताकडे बघत राहिल्या.
"पूर हाये जनू. कुठवर?"
मला कळेना.
"आगं, दुतोंड्याच्या कुठवर?"
गंगापूरमधून किती सोडलं विचारावं, तसं.

"घोट्याला आसंल तर धंदा चालू.
गुडघ्याला आलं की पाट उचलायचा.
कंबरंला, तर वरच्या पायरीवर जाऊन बसायचं."
आणि छातीला?
"छातीला काय करशीन? बघायचं.
मारुती पळतो का?"

तेव्हापासून मी विचारते, स्वतःलाच, हळू आवाजात.
द्वारकेच्या सिग्नलला, रिक्षात, संध्याकाळी: कंबर.
चप्पल काढून तळवे पत्र्यावर टेकवले.
पुढच्या टेम्पोवरची अक्षरं उलटी वाचली.

काल रात्री तीन वाजता: गळा.
उठून माठाला गाल लावून उभी राहिले,
चार, सहा, चार, सहा,
यांनी दिवा लावला, काही न विचारता विझवला.

गळ्याशी आल्यावरच आठवलं
की त्याला दोन तोंडं आहेत.
एक येणारं पाणी बघतं.
दुसरं, त्याच वेळी, जाणारं.
मी जन्मभर एकाच तोंडाने उभी.

ओसरलं की गाळ राहतो, हे खरं.
आज दुपारभर हात जड होते,
एका स्लिपवर तारीख चुकली.

ठकूबाई आल्या. विचारलं नाही.
पावती सरकवताना मीच म्हटलं,
"घोट्याला."

"मंग लाव की शिक्का," म्हणाल्या.