पहिली तार

बाटली दाबून दाबून अंगठा पांढरा पडला,
सुईतून ग्लूचा थेंब येईना.
आणखी जोर लावला, तशी ती बुडाशी फुटली
आणि वैमानिकानं ज्या काचेतून बाहेर बघायचं
तिच्यावर कायमचं धुकं बसलं.

तशीच घेऊन समोरचं दार वाजवलं.
टेल्लेर्वो रुओकोला : तुर्कूच्या गोदीत
एकतीस वर्षं वेल्डर.
बाटलीकडे न बघता माझ्या अंगठ्याकडे बघून म्हणाली,
"नाक दाबलं की तोंड उघडतं, हे माणसांचं.
सुईचं तसं नसतं, हान्नेस."

पकडीनं तिनं सुई उपटली.
बाटली पार न्हाणीघरात नेऊन ठेवली, झाकण लावून.
खिडकी उघडली; नदीवरचा नोव्हेंबर
न विचारता आत येऊन बसला.
मग स्पिरिटच्या दिव्यावर सुई धरली, आडवी.
आधी धुराची एक काळी रेघ.
मग टोकातून पिवळी फुरफुर,
चिडलेल्या चिमणीएवढी.
"बोलली," ती म्हणाली. "आता गार होऊ दे. फुंकू नकोस."

भिंतीवर गिटार होती, पाच तारांची.
सहावी, खरं तर पहिली, सगळ्यांत बारीक,
डब्यात वेटोळं करून ठेवलेली.
त्यातून बोटभर तुकडा कापून तिनं सुईत घातला,
आत-बाहेर, आत-बाहेर,
कान लावून.
"हिच्याएवढं बारीक पोलाद
या घरात दुसरं नाही."
गिटार कुणाची ते मी विचारलं नाही.
जिन्यात सगळ्यांना माहीत होतं :
इल्मोची. तो त्रॉम्सोला असतो.
फोन नाताळला, कधी तोही नाही.

गुरुवार ठरून गेला.
फळीवर तिनं जोडलेली जहाजं, सातशेपट लहान,
त्यांतली चार तिनं खरीही जोडलेली.
"हा सांधा बारा मीटरचा होता. पाठीवर झोपून केला."
इथे तो माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.
एकदा म्हणाली, "हा ग्लू चिकटवत नाही रे, वितळवतो.
दोन्ही कडांनी थोडं थोडं हरायचं, मग धरतं.
जास्त घातलास तर दोघीही वाहून जातात."
आणि दालचिनीचा पाव पुढे सरकवला,
जणू पावाबद्दलच बोलत होती.

पुढच्या हिवाळ्यात तिचा हात थरथरू लागला.
तार मी घालायचो, ती ऐकायची.
"खरखर येते? मग आहे अजून आत."
माझ्या कानाला काहीच यायचं नाही.
ती म्हणेल तेव्हा थांबायचं.
वेटोळं लहान होत चाललं होतं.
मी दुकानातून नवी तार आणली, पाकिटासकट.
तिनं आभार मानले, खणात टाकली,
आणि जुन्यातूनच कापली.

जूनमध्ये, रात्र होईना अशा एका रात्री,
दाराशी उंच माणूस, खांद्यावर पिशवी.
काही विचारण्याआधी त्यानं गिटार उतरवली,
बोटं फिरवली, पहिल्या जागी
बोट हवेत गेलं.
टेल्लेर्वोनं डबा पुढे केला :
आत करंगळीएवढी तार.
मी उठू की बसू कळेना.

टेबलावर स्पंजात सुया उभ्या होत्या, अकरा,
प्रत्येकीत तारेचा एकेक तुकडा,
वाळून बसू नये म्हणून.
त्यानं एक उपसली. तार हळूच ओढून काढली,
सुई दिव्यासमोर धरून एक डोळा मिटला.
बराच वेळ.
"दिसतंय," म्हणाला. "आरपार."

तिनं कॉफीचा तिसरा कप काढला.
माझा अर्धा राहिला होता, तो तसाच ठेवून
मी घरी आलो.
बाटली उभी केली, सुई वर, तार आत,
आणि झाकण
फार घट्ट लावलं नाही.