कांद्याची सालं

लिरी बाई,
तुम्हाला आठवत नसेल. तिसरीचा वर्ग, झाद्रिमाचं सपाट रान,
खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर नेत्याचा अर्धा चेहरा.
एप्रिलातला सोमवार.
तुम्ही म्हणालात, हात पुढे करा.
आम्हाला वाटलं, नखं बघणार.

आई वर्षभर कांद्याची सालं साठवायची
पिठाच्या पोत्यामागे, जुन्या मोज्यात.
शनिवारी रात्री खिडकीला घोंगडी,
चुलीवर पाणी, पाण्यात सालं,
आणि अंडी हळूहळू विटेच्या रंगाची होत जायची.
घंटा नव्हती. देवळाचं मक्याचं कोठार झालं होतं.
पाद्री कुठे गेले, कुणी विचारत नव्हतं.
बाबा त्यांचं अंडं माझ्या अंड्यावर टिचकन आपटायचे
आणि नुसत्या ओठांनी म्हणायचे :
उठला आहे.
टरफलं आम्ही पहाटे लेंडीखताखाली पुरायचो.

त्या सोमवारी आईने माझी बोटं घासली,
राखेने, ताकाने, परत राखेने.
तुम्ही ती उलटसुलट करून पाहिलीत. स्वच्छ.
मग वाकलात, अगदी मायेनं.
तुमच्या केसांना साबणाचा वास होता,
तसला साबण आमच्या घरी कधी आला नाही.
काल काय खाल्लंस गं, द्रांदे?
मला तुम्ही आवडायचात, बाई.
म्हटलं, लाल अंडं.

एवढंच.

बुधवारी बाबांना नेलं.
तांब्याच्या खाणीत आठ वर्षं, वर आणखी दोन.
वरची दोन कशाबद्दल, ते कागदावर नव्हतं.
आई त्यानंतरही सालं साठवत राहिली
आणि माझ्याशी जपून बोलत राहिली,
पाहुण्याशी बोलावं तसं.

बाबा परतले तेव्हा मी एकोणीस वर्षांची.
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती.
मी तोंड उघडलं. ते म्हणाले, आधी पाणी दे.
मग कितीतरी महिन्यांनी, चारा टाकताना, माझ्याकडे न बघता :
आत ते विचारायचे, तुझा देव आहे का.
मला वाटायचं, पोरीनं तर आधीच सांगून टाकलंय,
आता मी काय लपवू?
जरा खोकले.
हे आपल्याला आडनावासारखं लागलंय, द्रांदे.
मागून घेतलेलं नाही.

मला ते तेव्हा पटलं नाही.
अजून पुरतं पटलेलं नाही.
दुःखाला अर्थ असतोच म्हणणाऱ्यांना
तो खोकला रात्री तीन वाजता ऐकवायला हवा होता.

मग एका हिवाळ्यात पुतळे पडले, घंटा परत आली,
शुभवर्तमान उघडपणे हातात आलं.
मी पेत्राच्या पानावर अडकले.
शेकोटीजवळ तो तीनदा म्हणाला, मी त्याला ओळखत नाही,
कोंबडा आरवला, तो बाहेर जाऊन रडला.
नाही म्हणणाऱ्याचं रडणं तिथे लिहिलेलं होतं.
हो म्हणून बसलेल्या पोरीसाठी
मी पानाच्या मागेसुद्धा शोधलं.

आणि परवा तुम्ही दवाखान्यात दिसलात,
श्कोदरच्या, औषधाच्या रांगेत.
हातात चिठ्ठी, ती इतकी थरथरत होती
की नर्सला वाचता येईना.
तिने आजूबाजूला पाहिलं, मला विचारलं,
यांच्या ओळखीच्या का तुम्ही?

मी म्हटलं, नाही.

बसमध्ये बसले तेव्हा कळलं, मी काय बोलले.
पन्नास वर्षं ज्याच्यावर रागावले होते
त्याच्याच शेजारी, शेकोटीपाशी.

घरी येऊन कांदे सोलले. सालं टाकली नाहीत.
या शनिवारी पातेल्यात एक अंडं जास्त टाकीन.
तुमच्या दारापर्यंत येईन का, ठाऊक नाही.
पत्ता नर्सकडून घेतला आहे, पर्समध्ये आहे.
तिसऱ्या मजल्यावर राहते मी, इथे कोंबडा ऐकू येत नाही.
कचऱ्याची गाडी येते, साडेपाचला.
तेवढ्यानेही जाग येते.