नावे की जमा

चाळीस वर्षं हळदीच्या पेठेत दिवाणजी होतो.
सांगली सुटली नाही, बोटांची पिवळी सुटली नाही,
आणि ही खोडही:
कुणी काही सांगू लागलं की मन आधी विचारतं,
हे नावे टाकायचं की जमा?

आमच्या वेळी उत्तर सोपं असायचं.
राजापुरी घ्यायची, हरिपूरच्या पेवात उतरवायची,
भाव चढला की वर काढायची.
शेठ म्हणायचे, धंदा म्हणजे थांबता येणं.
पट्टीच्या तळाशी एक ओळ असे, धर्मादाय,
पोत्यामागं काही पैसे.
त्यातून पांजरपोळाचा कडबा, चैत्रातली पाणपोई,
एकदा एका हमालाच्या पोरीचं लग्न.
वर नफा, खाली पुण्य,
मध्ये लाल शाईची रेघ.
ती मी रूळ धरून मारायचो.

मग तासगावहून त्रिशला मगदूम आली.
मोपेडच्या मागं दोरीनं बांधलेली
बुटकी लोखंडी खुर्ची, पुढं कललेली फळी.
"बसून बघा की, दिवाणजी."
बसलो. पाठ टेकली.
"आई बावीस सीझन उकिडवी बसली बेदाण्याच्या शेडवर.
काड्या वेचायची. गंधकानं डोळे चुरचुरायचे.
आता संडासला बसवत नाही तिला.
शेडवर खुर्ची एकच असते, मुकादमाची."
असं सरळ बोलते ती.
मी उगाच चष्मा पुसला.

कुपवाडच्या वर्कशॉपात भंगारातून ती हे जोडून घेते
आणि शेडवाल्यांना भाड्यानं देते, दिवसाला चार रुपये.
मी म्हणालो, इतकं चांगलं काम, तर फुकट दे,
देणगीदार मी आणतो, पेठ अजून ओळखते मला.
"फुकटची खुर्ची पाण्याच्या टाकीखाली जाते," म्हणाली,
"भाड्याची असली की मुकादम रोज मोजतो."
मग नफा?
"आहे की. थोडा.
त्यातला निम्मा बसणाऱ्यांचा."
बसणाऱ्या म्हणजे मालन कांबळे, दिलशाद शिकलगार,
हौसाक्का लेंगरे...
नावं सांगत राहिली, माझा चहा गार झाला.

तिची वही मी लिहू लागलो, दर रविवारी.
पहिल्याच पानावर अडलो.
समासात तिनं पेन्सिलीनं खरडलेलं:
हौसाक्का रात्री सलग झोपली.
हे कुठल्या खात्यात?
धर्मादायात घालू?
"तिथं नको," म्हणाली. "ते तळाला असतं."

यंदा फेब्रुवारीत बातमी आली.
सावळजकडच्या एका शेडमालकानं
हुबेहूब खुर्च्या पाडून घेतल्या, प्लॅस्टिकच्या, निम्म्या किमतीत.
त्याचं बघून दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं.
आमच्या एकशे चाळीस टेम्पोतून परत आल्या,
उतरवताना दोघींचे पाय वाकले.
बँकेचा हप्ता मात्र जागच्या जागी.

मी चिडलो. वकील, नोटीस, नक्कल, चोरी,
पेठेतले सगळे शब्द एका दमात काढले.
ती अंगणात खुर्च्या मोजत होती.
"त्यांच्याकडं किती झाल्या?"
तीनशेच्या वर, म्हणालो.
"म्हणजे तीनशे बायका टेकून बसल्या."
आणि हसली.
मग हप्त्याचा कागद उघडला,
हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर, बराच वेळ.

निघताना मोपेडला किक मारता मारता विचारलं,
"दिवाणजी, तुमच्या पेठेत
हळद पॉलिश करतात त्या ड्रमपाशी बायका असतात ना,
तोंडाला काय बांधतात त्या?"

चाळीस वर्षं त्या ड्रमचा आवाज
माझ्या गादीमागच्या भिंतीतून येत होता.
त्या आवाजात मी बेरजा केल्या, कधी चुकल्या नाहीत.
"फडकं," म्हणालो. "बहुतेक."
बहुतेक हा शब्द
मी कुठल्याच वहीत लिहिलेला नव्हता.

आज रविवार.
उद्या सकाळी ड्रमपाशी जाऊन यायचंय.
वही उघडी आहे.
सावळज, खुर्च्या तीनशे, दुसऱ्यांच्या.
नावे की जमा?
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, मधल्या रेघेवरच.
शाईचं बघू.