अंगठा

सोहारजवळ, फलज अल कबाइलच्या खोलीत
एसीची जाळी मी दर शुक्रवारी धुते.
जाळीवर वाळू, आणि वाळूत
शर्वरीच्या पापण्या.

पहिल्यांदा दिसल्या त्या बेळगावच्या क्वार्टरमध्ये, उशीवर.
हे राजौरीला. अकरा दिवस फोन लागत नव्हता.
बाराव्या दिवशी लागला,
तेव्हा पोरीच्या उजव्या डोळ्यावर एकही उरली नव्हती.
वाटलं, बदली झाली की थांबेल.
मग वाटलं, पेन्शन लागली की.

बोटांना कडुनिंब लावून पाहिला.
पण कडू जिभेला लागतं, डोळ्याला कुठलं?
शाळेच्या मॅडमनी एक लांबलचक नाव सांगितलं,
तळहातावर लिहून घेतलं,
घरी येईतो घामानं गेलं.

हे म्हणायचे, हात खाली. सावधान!
पोर उभी राहायची, अंगठे शिवणीवर,
नायब सुभेदार निकमांच्या मुलीनं राहावं तशी.

मागच्या सोमवारी हे दुपारीच घरी आले.
कंपनीच्या गेटवरच्या यंत्रानं अंगठा ओळखला नाही.
पुसून लावला, थुंकी लावून लावला, डावा लावला.
लाल दिवा.
मागं पाळीची रांग खोळंबलेली,
आणि ह्यांच्याच हाताखालचा नेपाळी पोरगा हळूच म्हणाला,
साब, इसमें तो लकीर ही नहीं.

गैरहजेरी लागली.
बर्फात लागली नव्हती कधी.

मला माहीत नव्हतं असं नाही.
बोटाला कागद गुंडाळून बाथरूममधून यायचे,
म्हणायचे, भाजी चिरताना कापलं.
हे भाजी कधी चिरतात?

शर्वरीनं त्यांचा हात उलटा करून पाहिला.
सोललेल्या लसणीसारखा अंगठा.
"कधीपासून, बाबा?"
ह्यांनी साल नाही सांगितलं. म्हणाले, "राजौरी."
"मी पण," ती म्हणाली.

बराच वेळ फक्त एसी बोलत होता.

मग ती उठली, डब्यातून खजुराची बी आणली,
धुऊन, पुसून त्यांच्या मुठीत ठेवली.
"हात मागायला लागला की हिला घासायचं.
नेहमी जमत नाही."

आज ह्यांचा युनिफॉर्म भिजवताना
खिशातून बी निघाली, झिजून गुळगुळीत.
काढून खिडकीत ठेवली, सुकायला.

मग जाळी धुतली.
पापण्या होत्या.
मोजल्या नाहीत.