डोया

केसपेपरवर मी लिहिलं, केवयबाई दगा मायी,
वय बासष्ट, उजवा डोळा, पिकलेला मोतीबिंदू.
आधारकार्डावर ती निघाली केवळबाई माळी.
वॉर्डातला हिलालभाऊ पोट धरून हसला,
मी शाईवर खोडरबर फिरवत राहिले.

दोंडाईच्यात येऊन सतरा दिवस झाले होते.
मी देवगडची. आमच्याकडे डोळो.
शाळेत त्याचा डोळा झाला.
इथे डोया.
सतरा दिवस मी प्रत्येकीच्या तोंडातला तो ळ
मनातल्या मनात परत बसवत होते,
शिंपी समोरच्याची शिवणच बघत बसतो तशी.
बोलणं तोवर पुढे निघून जायचं.

"डोयानी आग व्हस, बाई."
मिरचीचा हंगाम. पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका,
तीच बोटं घामाला, तीच पदराला, तीच पापणीला.
मी थेंब सोडायची, त्या बोलायच्या,
एक शब्द कुठे संपतो, दुसरा कुठे लागतो, पत्ता नाही.
रस्त्यावरून पथारी दिसते ना,
मिरच्या नाहीत, नुसता लाल,
तसं.

मग वही केली.
आठे, इथे. तठे, तिथे. काबर, का.
संध्याकाळी पाठ, सकाळी कोरं.
हिलालभाऊ म्हणाला, "रातले वही बंद ठेव. नुसतं आयक."
मला वाटलं, थट्टा.

केवयबाईचं ऑपरेशन मंगळवारी झालं,
पट्टी बुधवारी सुटणार.
रात्रपाळी माझी.
वॉर्डात सहा बायका, सहा पट्ट्या, झोप एकीलाही नाही,
म्हणून बोलणं. म्हशीचं, सुनेचं,
शिरपूरच्या कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाचं.
मी खुर्चीत पेंगत होते. वही ड्रॉवरमध्ये.

स्वप्नात आमचा धक्का होता, देवगडचा,
पण वाळत घातलेलं सगळं लाल.
कोणीतरी अंगठ्याच्या नखाने एकेक देठ मोडत होतं.
टक्. टक्.
काय मोडतंय ते कळत नव्हतं,
कुठे मोडतंय ते कळत होतं.

"पानी शे का व?"
मी उठले, तांब्या भरला, हातात दिला.
देऊन झाल्यावर लक्षात आलं,
मधे मराठी आलीच नव्हती.

नवा शब्द एकही शिकले नव्हते.
वहीत कालचेच चाळीस.
रात्रीत आल्या असतील तर फक्त फटी,
शब्दाशब्दांमधल्या.
त्या कोणी पाडल्या, मला विचारू नका, मी झोपले होते.

सकाळी पट्टी सोडली. चार बोटं धरली.
"काय दिसस?"
विचारणारी मीच.
केवयबाई बोटं मोजेना. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
आवाजावरून तिने मला पन्नाशीची धरली होती म्हणे,
जाड, चष्मेवाली.
"तू इतली न्हानी शे?"
असं म्हणून तिने डोळा मिटला, पुन्हा उघडला.
मी तेवढीच होते.

त्या रात्री आईचा फोन.
"निजलंस गो?"
"नही व माय."
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"ही खंयची गो भास?"

आमच्याकडे भाषेला भास म्हणतात.
बाकीच्या मराठीत भास म्हणजे
नसलेलं दिसणं, न बोललेलं ऐकू येणं.
मी आईला डोळो म्हणून दाखवलं, सिद्ध करायला.
आला, पण डोयाच्या दारावरून वळसा घालून,
जरा दमलेला.

बाकावर तिसरं माणूस आलं की दोघं सरकतात.
रात्री आत असंच काही होत असणार.
कोण किती सरकलं, कोण काठावर आलं,
कोणी सांगत नाही.

आता दिवा घालवण्याआधी
दोन शब्द मोठ्याने म्हणते, मुलीसाठीचे.
चेडू. आंडेर.
आणि कूस बदलते.
सकाळी आधी कोण उठतं, बघू.