विषय : चष्म्याबाबत

दाखल करताना त्यांनी
बांगड्या काढल्या, जोडवी काढली,
आणि चष्मा.
काच आहे, म्हणाल्या. नियम आहे.
पावती दिली ती भावाकडे,
आणि भाऊ खारेगावच्या शेवटच्या रिक्षात.

त्रेचाळीस दिवस
मी माणसं चालीवरून ओळखली.
फिलोमिना सिस्टर म्हणजे चपलेचं चट् चट्,
डॉक्टर म्हणजे निळसर डाग, जरासा वाकणारा.
खिडकीबाहेरच्या फांदीवर बसलेलं ते
कावळा की अडकलेली पिशवी,
शेवटपर्यंत ठरलं नाही.
माझ्या कागदावर लिहिलं होतं
(घरी आल्यावर भाचीने वाचून दाखवलं) :
'नजरेला नजर देत नाही.'

साहेब, मी साड्यांना मोती लावते.
साडेतीनचा नंबर आहे.
कुठली नजर द्यायची होती मी?

घरचे म्हणाले, सुटलीस ना, आता कशाला उकरतेस.
भाऊ म्हणाला, पुन्हा डोक्यात जाईल तुझ्या.
तेव्हापासून प्रत्येक वाक्य
तोंडाबाहेर काढण्याआधी उलटसुलट तपासते.
चिडून म्हटलं तर आजार.
हसून म्हटलं तरी आजार.
अर्ज तीनदा लिहून घेतला भाचीकडून,
'कृपया' चार ठिकाणी.

सात आठवड्यांनी उत्तर आलं :
'सदर तक्रारीचे निवारण करण्यात आलेले आहे.'
भाचीने मोठ्याने वाचलं.
मी पाकीट उलटं करून झटकलं.
चष्मा पडला नाही.

मग पुन्हा अर्ज, मग सुनावणी.
गावंडबाईंनी आधी भावालाच विचारलं,
'आता बरं वाटतंय का यांना?'
म्हटलं, 'या' इथंच बसल्यात.
पेन थांबलं.
खुर्ची माझ्याकडे वळली, करकरत.
'सॉरी,' म्हणाल्या.
ते इतिवृत्तात लिहिलं नाही कुणी.

शिपायाने खोका आणला, बुटांचा.
आत चष्मे,
काड्या एकमेकींत अडकलेल्या,
चिकटपट्टीवरची नावं पुसलेली, असं भाऊ म्हणाला.
'बघा यातला तुमचा.'

एकेक डोळ्यांवर चढवला.
एकातून गावंडबाई लांब गेल्या, पार कोपरीपर्यंत.
एकातून भिंतीला पोट आलं.
एकाची काडी सुतळीने बांधलेली,
बिजागरीत केस अडकलेला, बोटाला लागला.
माझा नव्हता.

'नवीन करून देऊ. तसं लिहिते.
मग तक्रार बंद करायची ना?'

माझी करा.
पण हे?
यातलं कुणी अजून आत असेल तर,
कावळा की पिशवी करत?

'त्याला वेगळा अर्ज लागेल.'

भाऊ उठलाच होता, खाली रिक्षा थांबवलेली.
मी सुतळीचा चष्मा पुन्हा लावला.
जवळजवळ माझाच नंबर.
कागद मागितला.