टाचलेला कागद

दुधाबरोबर घेऊ नका,
एवढं मी सांगितलं होतं. ते नक्की आठवतं.
दिवसातून एक, सात दिवस, भरपूर पाणी.
मग नेहमीचंच: काही शंका?
व्हर्ना किविस्टो नाही म्हणाली.
तिच्या मागं पाच माणसं खोकत उभी होती
आणि टपालाची दुपारची फेरी तिची राहिली होती.

डुलुथचे रस्ते सरोवरापासून असे उठतात
की हिवाळ्यात बुटांना खिळे लावून चढावं लागतं.
एकवीस वर्षं ती त्याच चढणीवर,
पोटऱ्या ओकच्या लाकडासारख्या.

कागदावर सगळं होतं.
नऊ घड्या, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं,
आणि सगळ्यात वर काळी चौकट,
निधनवार्तेला असते तशी.
कंडरा तुटू शकते. बोटं बधिर होऊ शकतात.
मन थाऱ्यावर न राहणं.
साठीपुढे धोका जास्त,
स्टेरॉइड चालू असेल तर त्याहून.

ती त्रेसष्टची.
आणि दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या
दहा दिवसांपूर्वी
मीच मोजल्या होत्या, ह्याच निळ्या ट्रेवर.

पडद्यावर पिवळी पट्टी आली असणार.
दिवसाला शंभर येतात.
बोट आपोआप जातं बटणावर,
जेवताना माशी हाकलावी तसं.

पाचव्या दिवशी, कुणाच्यातरी दाराच्या चौथ्या पायरीवर,
तिला वाटलं मागून कुणी लाथ घातली.
भांडायच्या तयारीनं वळली,
तर रस्ता रिकामा.
खाली पाण्यात खनिजाचं एक लांबलचक जहाज,
आणि विजेची बिलं उतारावरून निघालेली.

हे ती मला सांगते
कुबड्या काउंटरला टेकवून.
नवऱ्याचे डोळ्यांचे थेंब न्यायला आली आहे.
रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
खोकला मात्र तिसऱ्याच दिवशी गेला, म्हणते.
खरं आहे. औषध चांगलं आहे.
उद्या कुणाचातरी जीव वाचवेल,
आणि देणारा मीच असेन.

त्या कागदावर होतं का रे हे?
होतं.
कुठे?
वरच.

टाचला होता मीच, दोन पिना मारून,
असा की पिशवी फाटेल, कागद सुटणार नाही.

ती थेंबांची बाटली खिशात टाकते,
कुबड्या बगलेत घेते, दारापाशी थांबते.
दुधाचं मात्र, म्हणते,
मी अगदी काटेकोर पाळलं.